बारा नंबरचं डोकं

बारा नंबरच्या खणातून बत्तीस चिठ्ठ्या निघाल्या आणि बत्तीसच्या बत्तीस चिठ्ठ्यांवर एकच माणूस लिहिलेला होता. तो माणूस साफ चुकीचा होता.

एखाद-दुसऱ्याची चूक असती तर कात्रीकाका हसले असते. निम्म्यांची असती तर त्यांनी तिथल्या तिथं हुज्जत घातली असती, कारण हुज्जत घालायला काकांना कधी निमित्त शोधावं लागलं नाही. पण अख्खं गाव एका तोंडानं एकच चूक करतं तेव्हा काय करायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. ते खुर्चीत बसल्या जागी गार पडले.

हे घडलं कलाकेंद्रात, आणि तिथली रीत ठाऊक नसेल तर चिठ्ठ्या कसल्या आणि खण कसला हे कळायचं नाही. टपाल कचेरी नव्या जागेत गेली तेव्हा जुनी इमारत गावानं मागून घेतली आणि तिथं केंद्र काढलं. पार्सलच्या खोलीत मंगळवारी मातीकाम, वरच्या मजल्यावर बुधवारी गाण्याचा वर्ग, आणि खालच्या मोठ्या खोलीत गुरुवारी चित्रकला. तिकिटं विकायची खिडकी अजून शाबूत आहे, तिच्यामागे आता चहाची किटली असते. मोठ्या खोलीच्या भिंतीला पत्रं लावायचं लाकडी कपाट आहे, छोट्या छोट्या खणांचं. ते जड म्हणून कुणी हलवलं नाही, आणि हलवलं नाही म्हणून पुढं त्याचा उपयोग निघाला.

उपयोग काढला चित्रकलेच्या बाईंनी. बाई अंगानं काडी आणि जिभेनं सुरी. पहिल्या वर्षीच्या प्रदर्शनात विद्यार्थ्यांनी माणसांची चित्रं लावली, खाली नावं लिहिली, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण "वा, हुबेहूब" म्हणत चहा पिऊन गेला. बाईंचं डोकं फिरलं. "खाली नाव लिहिल्यावर भोपळासुद्धा हुबेहूब दिसेल," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या वर्षापासून त्यांनी नावं काढून टाकली. चित्राखाली फक्त नंबर. हे कोण ते बघणाऱ्यानं चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी त्या नंबरच्या खणात टाकायची. शेवटच्या दिवशी, रविवारी सकाळी, बाई सगळ्यांसमोर चिठ्ठ्या वाचणार आणि चित्र काढणाऱ्यानं उभं राहून 'बरोबर' किंवा 'चूक' एवढंच म्हणायचं. निम्म्याहून जास्त बरोबर निघाल्या तर चित्र पास. पास झालेलं चित्र ज्याचं असेल त्यानं, आणि तो नसेल तर त्याच्या घरच्यांनी, त्याच दिवशी घरी न्यायचं. गेल्या वर्षी शिंपीणबाईंनी डॉक्टरांचं चित्र काढलं होतं. नऊ जणांनी 'शाळेचा शिपाई' लिहिलं, चौघांनी 'माहीत नाही, पण आजारी दिसतोय' असं लिहिलं. डॉक्टर दोन महिने शिंपीणबाईंशी बोलत नव्हते.

कात्रीकाकांचं बाजाररस्त्यावर एक्केचाळीस वर्षं केस कापायचं दुकान होतं. मग उभं राहून राहून पाय सुजायला लागले आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं. घरी बसून ते काकूंना, म्हणजे बायकोला, कांदा कसा चिरावा हे शिकवायला लागले, तेव्हा काकूंनीच त्यांना केंद्रात हाकललं. "तिथं जा आणि काय काढायचं ते कागदावर काढा," त्या म्हणाल्या, "इथं माझ्या खोड्या काढू नका."

पहिल्या गुरुवारी बाईंनी एक माणूस समोर बसवला. काकांनी काढलेलं नाक बघून त्या माणसानं स्वतःचं नाक चाचपून पाहिलं. दुसऱ्या गुरुवारी काका उठले, स्टूल उचललं आणि सवयीनं त्या माणसाच्या पाठीमागे जाऊन बसले. तासाभरानं बाईंनी कागद पाहिला आणि त्यांच्या जिभेला, बहुधा पहिल्यांदाच, काही सुचलं नाही. मानेवरची केसांची कड, कानामागचा खळगा, डोक्यावरचा भोवरा कुठून कुठं वळतो ते, सगळं उतरलं होतं. "काका," बाई म्हणाल्या, "तुम्ही तोंडाच्या वाटेला जाऊच नका."

तेव्हापासून काका फक्त मागून डोकी काढत. वर्षभरात बारा झाली. अकरा बाजारातल्या माणसांची, आठवणीतून काढलेली. बारावं त्यांच्या मुलाचं.

मुलाला सगळे छोटू म्हणतात. वय चौतीस, उंची दाराला डोकं लागेल इतकी, दूरच्या शहरात पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनियर, तरी छोटूच. लग्नानंतर सात वर्षांनी झालेला, एकुलता एक, काकांचा जीव की प्राण. त्याचे पहिले केस काकांनी स्वतःच्या मांडीवर घेऊन कापले आणि अठराव्या वर्षी तो शिकायला बाहेर पडेपर्यंत त्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. गेल्या सुट्टीत तो घरी आला होता तेव्हा खिडकीशी पाठ करून वाचत बसला होता. काकांनी गुपचूप कागद घेतला. डोक्यावर दोन भोवरे, शेजारीशेजारी, एकमेकांच्या उलट फिरणारे. डावा कान किंचित पुढं. मानेवर मधोमध एक बट, कितीही कापली तरी उजवीकडेच वळणारी. ते चित्र काकांनी केंद्रातच ठेवलं, काकूंनाही दाखवलं नाही. छोटूला फोनवर एवढंच सांगितलं, "रविवारी ये. तुझ्यासाठी गंमत आहे."

रविवारी खोली गच्च भरली. काकू गुडघ्यांपायी आठवडाभर आल्या नव्हत्या, त्या आज पहिल्यांदाच आल्या आणि मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसल्या. छोटू सकाळच्या बसनं थेट केंद्रात आला. सर्दीनं नाक लाल, लोकरीची टोपी पार मानेपर्यंत ओढलेली. तो पहिल्या रांगेत बसला आणि बाबांना अंगठा दाखवून हसला.

पहिली अकरा डोकी दणक्यात पास झाली. बेकरीवाल्याला बत्तिसांपैकी एकोणतीस चिठ्ठ्या. स्वतःच्या टकलावरून हात फिरवत त्यानं चित्र उचललं आणि "मागून मी बराच देखणा आहे की" असं बायकोला ऐकवलं. काकांची छाती फुगली होती. बारावं चित्र शेवटी घ्या, असं त्यांनीच बाईंना सांगून ठेवलं होतं.

"बारा नंबर," बाई म्हणाल्या. "पहिली चिठ्ठी. घड्याळमास्तर."

काका हसले. कुणाची तरी नजर अधू असेल.

"घड्याळमास्तर."

"घड्याळमास्तर, नक्की."

"आपले घड्याळमास्तर. बघून डोळ्यांत पाणी आलं."

घड्याळमास्तर जाऊन तीन वर्षं झाली होती. बाजाररस्त्यावरच, काकांच्या दुकानापासून सहावं, त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. उजेडाची खिडकी मागच्या भिंतीला होती म्हणून त्यांनी टेबल तिकडं लावलं आणि जन्मभर रस्त्याकडे पाठ करून बसले. डोळ्यावर भिंग, मान खाली. गिऱ्हाईक दारात उभं राहून त्यांच्या डोक्याशी बोलायचं. "मास्तर, झालं का?" डोकं म्हणायचं, "उद्या." मास्तर समोरून आले असते तर निम्म्या गावानं त्यांना ओळखलं नसतं. मागून मात्र शेंबडं पोरही ओळखायचं.

न ओळखणारा गावात एकच होता, आणि ते म्हणजे कात्रीकाका. मास्तर गावात नवे आले तेव्हा एकदा, फक्त एकदा, त्यांच्याकडे केस कापायला आले होते. पुन्हा कधी आलेच नाहीत. पूल ओलांडून पलीकडच्या बोथट कात्रीवाल्याकडे जायचे. काकांना ते फार लागलं. आपलं काय चुकलं, कानाला कात्री लागली की काय, याचा त्यांनी वर्षभर विचार केला आणि मग मनात जी अढी धरली ती धरलीच. त्या दुकानावरून जाताना ते ठरवून तोंड फिरवायचे. तीस वर्षं त्यांनी आत नजर टाकली नाही. ज्याच्या हाताखालून हजारो डोकी गेली त्याला एकदाच आलेलं डोकं कुठून आठवणार?

सातव्या चिठ्ठीला काकांचं हसू मावळलं. दहाव्या चिठ्ठीला त्यांनी भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं, लोक पाहतात तसं, आपण काढलेलंच नाही असं समजून. तोंड फिरवण्याआधी, डोळ्याच्या कोपऱ्यातून, तीस वर्षं रोज दोनदा जे दिसत आलं होतं ते समोर टांगलेलं होतं. तीच मान. तोच पुढं आलेला कान. असले उलटसुलट भोवरे आपण जन्मात एकाच डोक्यावर पाहिले, असं ते बाईंना मोठ्या तोऱ्यात सांगून बसले होते. एकाच नव्हे, दोन डोक्यांवर. पहिलं डोकं त्यांना आत्ता आठवलं. दुकानातला दिवा आठवला, पांढरं कापड आठवलं, आणि "दोन भोवरे आहेत हो तुम्हाला" असं आपण म्हणालो होतो तेही आठवलं.

आणि ती बट. मानेवरची बट बापाकडून येते, हे काका गिऱ्हाइकांना आयुष्यभर छातीठोकपणे सांगत आले होते. बेकरीवाल्याला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, "पोराची मान बघा, तुमचीच आहे." स्वतःच्या मानेवर बट आहे की नाही हे त्यांनी कधी तपासलंच नव्हतं. केस कापणाऱ्याला सगळ्या गावाच्या माना दिसतात, स्वतःची तेवढी दिसत नाही. काकांचा हात आपोआप मानेकडे गेला. तिथले केस सरळ होते.

त्यांनी मागं वळून काकूंकडे पाहिलं. अजून एक आशा होती. काकू हसतील, काय बाई हे लोक अशी मान हलवतील, आणि सगळं जागच्या जागी येईल. काकू चित्राकडे बघत नव्हत्या. काकांकडेही बघत नव्हत्या. त्या छोटूच्या टोपीकडे बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर रक्ताचा थेंब उरला नव्हता.

पायाखालची जमीन सरकते तेव्हा काय होतं, ते काकांना कळलं. काहीच होत नाही. खोली तशीच राहते, खिडकीमागे किटली तशीच उकळत राहते, बाई तशाच चिठ्ठ्या वाचत राहतात. मास्तर आपल्याकडे का फिरकत नव्हते, हेही त्यांना त्याच वेळी कळलं. या माणसाच्या कात्रीखाली मान द्यायची, आणि ती मास्तरांनी? देणार कशी! आपली कात्री चुकली नव्हती. तिच्यात काही खोट नव्हती. एवढी वर्षं उगाच झुरलो, असा एक वेडा विचार त्यांच्या डोक्यातून गेला.

"एकतीस. घड्याळमास्तर. बत्तीस. घड्याळमास्तर." बाईंनी चिठ्ठ्या खाली ठेवल्या. "असं इथं कधी झालेलं नाही. एकही चिठ्ठी इकडची तिकडं नाही."

छोटू खुर्चीतून वळला. "बाबा, कमाल केलीत! मास्तरच बसलेत असं वाटतंय." त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता. स्वतःचं डोकं मागून कुणी पाहिलंय? केस कापून झाल्यावर आरशात ओझरतं दिसतं, तेवढंच. "आत्ता म्हणतील, उद्या या," छोटू म्हणाला, आणि त्याच्या मागचे चार जण हसले. मग त्यानं नाक पुसलं. "काय उकडतंय पण इथं," असं म्हणून त्यानं टोपीला हात घातला.

"टोपी काढू नकोस!" काका ओरडले.

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. मागच्या रांगेत काकू, गुडघे विसरून, ताडकन उभ्या राहिल्या होत्या.

"सर्दी झालीय तुला," काका म्हणाले. "वारा लागेल."

"बाबा, मी चौतीस वर्षांचा आहे," छोटू म्हणाला, पण टोपी त्यानं परत खाली ओढली. लोक हसले. काकू हळूच खाली बसल्या.

"आता उभे राहा काका," बाई म्हणाल्या. "बरोबर की चूक?"

काका उभे राहिले. 'चूक' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग कोण? आणि 'छोटू' म्हटलं की चाळीस माणसांच्या नजरा एका टोपीवर जाणार होत्या. कुणीतरी म्हणणारच होतं, काढ रे टोपी, बघू दे. त्यापुढं कुणाला काही सांगावं लागलं नसतं. क्षणभर काकांना वाटलं, म्हणावं. होऊन जाऊ दे. मीच एकट्यानं का भाजून निघायचं? बसलीय ना ती मागं भिंतीला टेकून, तिलाही कळू दे चाळीस जणांसमोर तोंड लपवायला जागा नसली की कसं होतं. राग इतका वर आला की कानशिलं ठणकायला लागली. मग त्यांची नजर छोटूवर पडली. लाल नाकाचा, टाळ्या वाजवायच्या तयारीत हात धरून बसलेला.

"बरोबर," काका म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात छोटू वाजवत होता.

"वहिनी, या," बाई म्हणाल्या. "चित्र तुमचं."

मास्तरांच्या बायकोला सगळा बाजार वहिनी म्हणतो. मूलबाळ नाही, मास्तर गेल्यापासून एकट्याच राहतात. आठवड्यात त्या दोनदा प्रदर्शनाला आल्या होत्या, बारा नंबरसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या होत्या आणि चिठ्ठी न टाकता निघून गेल्या होत्या. आता त्या दुसऱ्या रांगेतून उठल्या आणि चित्राजवळ गेल्या. चष्मा पुसला, पुन्हा लावला. चाळीस वर्षं त्या डोक्याशेजारी झोपलेली बाई ती. काकांचा जीव टांगणीला लागला.

"पट्टा राहिला," वहिनी म्हणाल्या.

"कसला पट्टा?" बाईंनी विचारलं.

"भिंगाचा. डोक्याला बांधायचे ना ते. मागं केसांत घडी पडली होती त्याची, भिंग उतरवलं तरी मोडायची नाही." त्या काकांकडे वळल्या. "तेवढी काढून द्या, काका. मग नेते."

बाईंनी पेन्सिल काकांच्या हातात दिली. काका चित्रापाशी आले. एक्केचाळीस वर्षं लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवलेला हात, कधी केसभर हलला नाही, तो आता ऐकेना. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि छोटूच्या डोक्यावर आडवी रेघ ओढली. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. मग तिच्या खालचे केस दाबल्यासारखे केले, वरचे जरा फुगवले. हे काम त्यांना येत होतं, फार चांगलं येत होतं. प्रत्येक रेघेसरशी छोटू पुसला जात होता आणि मास्तर पक्के होत होते.

"जरा वर घ्या," वहिनी त्यांच्या अगदी जवळ उभ्या होत्या. "कानाला टेकायचा नाही तो. हां. असं." आणि मग इतक्या हळू की दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये, "आता हे त्यांचं झालं. तुमचं तुमच्याकडे राहू दे."

काकांनी झटक्यात मान वर केली. वहिनींचे डोळे कोरडे होते. म्हणजे यांनाही ठाऊक होतं. किती वर्षांपासून, कोण जाणे. कदाचित छोटू दप्तर घेऊन त्यांच्या दुकानावरून धावत जायचा तेव्हापासून. पोटी मूल नसलेल्या या बाईनं रस्त्यावरून जाणारं ते डोकं रोज पाहिलं होतं आणि ब्र काढला नव्हता. वहिनींनी चित्र भिंतीवरून उतरवलं, काखेत धरलं, आणि लोक बाजूला होऊन वाट देत होते त्यातून त्या निघून गेल्या.

घर दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. तिघं चालत निघाले, छोटू मध्ये. "बाबा, माझी गंमत कुठंय?" त्यानं विचारलं.

"जमली नाही," काका म्हणाले. "राहिली."

"मग दुसरी गंमत करा. केस कापा माझे. मुद्दाम वाढवून आलोय, तिकडं कुणाला धड जमत नाही. घरी गेलो की डोकं धुऊन घेतो." आणि पुलांच्या कंपनीतल्या साहेबाची नक्कल करत तो घरापर्यंत बोलत राहिला. त्याच्या दोन्ही बाजूंनी दोन माणसं मुकाट चालत होती.

छोटू न्हाणीघरात गेला. आत पाणी पडायला लागल्याचा आवाज आला तेव्हा काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. काकू ओट्याला धरून उभ्या होत्या.

"चौतीस वर्षं," काका म्हणाले. "चौतीस वर्षं तोंड शिवून बसलीस. केसानं गळा कापलास माझा."

"हो," काकू म्हणाल्या.

"हो? नुसतं हो?"

"मग काय म्हणू? नाही म्हणू? तुम्हाला सगळं दिसलंय." त्यांनी वर पाहिलं नाही. "चार महिने. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मीच तोडलं. त्यांना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही."

"मला? मला तरी सांगायचं होतंस!"

"सांगितलं असतं तर," काकू म्हणाल्या, आणि आता त्यांनी वर पाहिलं, "तर तुम्ही त्याला मांडीवर घेऊन त्याचे केस कापले असतेत?"

काकांनी हाताला आला तो पाण्याचा पेला भिंतीवर भिरकावला. पेला स्टीलचा. खणकन आपटला, परत आला आणि पाणी सांडत टेबलाखाली गडगडत गेला.

"काय पडलं?" आतून छोटूचा आवाज.

"काही नाही!" दोघंही एकदम म्हणाले.

काका उत्तर शोधत होते. प्रामाणिकपणे शोधत होते. कापले असते, असं म्हणायला त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं, कारण ते स्वतःला ओळखून होते. बोथट कात्रीवाल्याकडे गेला म्हणून एका माणसाचं तीस वर्षं तोंड न पाहणारा मी, आणि मी कापले असते? मांडीवरचं ते पोर, गुदगुल्या होतात म्हणून मान आखडून घेणारं, ते आपल्या वाट्याला आलंच नसतं.

"त्याला ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"कळता कामा नये." त्यांचा श्वास लागला होता. "आणि ऐक. मी विसरणार नाही. मरेपर्यंत विसरणार नाही. विसरलोय असं कधी समजू नकोस."

"नाही समजणार," काकू म्हणाल्या. त्या वाकून टेबलाखालचा पेला काढायला लागल्या आणि गुडघ्यानं वाकता येईना. काका बघत उभे राहिले. मग त्यांनीच तो काढला आणि ओट्यावर आपटून ठेवला.

छोटू खांद्यावर पंचा टाकून, डोक्यावरून पाणी गाळत मागच्या अंगणात गेला. स्टूल त्यानंच बाहेर ओढलं. "बाबा, या लवकर, गार वाजतंय," त्यानं हाक मारली.

काकांनी कपाटातून कात्री काढली, कंगवा घेतला आणि बाहेर आले. छोटू पाठ करून बसला होता. ओले केस डोक्याला चिकटलेले, आणि त्यातून सगळं उघडं पडलेलं. दोन भोवरे. डावा कान पुढं. मानेवरची बट, पाण्यानं जड झालेली, तरी उजवीकडेच. आज सकाळपर्यंत हे डोकं काका झोपेतही काढू शकले असते. आता ते बाजाररस्त्यावरच्या सहाव्या दुकानातलं होतं, ज्याच्याकडे बघायचं नाही असं ठरलेलं होतं, आणि नजर दुसरीकडे फिरवायला अंगणात जागा नव्हती. काका तसेच उभे राहिले. सुरुवात कुठून करायची हे आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कळेना. मागं दारात काकू येऊन उभ्या राहिल्याचं त्यांना जाणवलं. त्यांनी वळून पाहिलं नाही.

कुणी न सांगता छोटूनं मान खाली घातली. लहानपणापासून घालायचा तशी.

"बाबा?"

काकांनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. केस थंडगार होते, खालची कातडी ऊन. बोटं आपली आपण कानामागच्या खळग्यात गेली, तिथून वर भोवऱ्यांकडे, तिथून खाली मानेच्या कडेवर. हाताला काही नवीन लागलं नाही. त्यांनी कंगव्यात केसांची पहिली ओळ धरली आणि कात्री उघडली.

"हात थरथरतोय तुमचा," छोटू म्हणाला.

"थरथरू दे," काका म्हणाले. "तू हलू नकोस."